जुनें तें सारें ‘व्हिंटेज’ नव्हे

वडिलार्जित चावीचें घड्याळ पेटींतून निघालें कीं हल्लीं घरोघरीं ‘व्हिंटेज’ हा शब्द कानीं पडतो. शब्द मूळचा द्राक्षमळ्यांतला. अमुक एका सालच्या द्राक्षांचें मद्य, एवढाच त्याचा अर्थ. नुसता जुनेपणा नव्हे. घड्याळांच्या बाजारांत साधारणतः पंचवीस-तीस वर्षें उलटलेल्या घड्याळास तो लावितात, व शंभरी गांठलेल्यास ‘अँटिक’ म्हणतात. परंतु जाणता संग्राहक वर्षें मोजून थांबत नाहीं. तबकडी, कांटे व आंतील यंत्र हीं सारीं मूळचींच आहेत काय, हें तो पाहतो.

बंगलोर येथें १९६१ सालीं जपानच्या ‘सिटिझन’च्या साहाय्यानें ‘एच. एम. टी.’ घड्याळांचा कारखाना निघाला. त्या घड्याळांना आतां संग्राहकांची मागणी आहे. म्हणूनच तबकड्या नव्यानें रंगवून तीं ‘व्हिंटेज’ म्हणून खपविलीं जातात. अशा घड्याळास वय असतें, साल उरत नाहीं.

आमच्या तीर्थरूपांच्या घड्याळाची पिवळलेली तबकडी आम्हींही हौसेनें रंगवून घेतली. घड्याळ झळकलें, पण तें त्यांचें वाटेनासें झालें. वाचकांनीं घड्याळ साफ करवावें, तेलपाणी करवावें. तबकडीस मात्र हात लावूं देऊं नये.