विश्लेषण : हजारो नियतकालिके खुली झाली, पण ती धुंडाळायला संशोधकांना कोण शिकवणार?

केंद्र सरकारच्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे जानेवारी २०२५पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन नियतकालिके शासकीय शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी-प्राध्यापकांना खुली झाली. त्यासाठी तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. मात्र या साठ्यातून हवा तो लेख कसा शोधायचा आणि त्यावर कितपत विसंबायचे, हे शिकवण्याची व्यवस्था तोकडीच आहे.

सध्या काय शिकवले जाते?

पीएचडीच्या विद्यार्थ्याला किमान १२ श्रेयांकांचा पूर्वअभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात ‘संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन श्रेयांकांचा, ३० तासांचा विषय अनिवार्य आहे. त्याच्या सहा घटकांपैकी एक माहितीसंग्रह आणि संशोधनाच्या मोजमापाविषयी आहे. याशिवाय अनेक ठिकाणी ग्रंथालयाची एखाद्या दिवसाची ओळख करून दिली जाते. तेव्हा बहुतेकांचा विषयही ठरलेला नसतो, त्यामुळे ऐकलेले वापरायची वेळ येईपर्यंत ते विसरलेले असते.

उलट, वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीच्या २०१८च्या नियमांतील १० टक्के साधर्म्याची मर्यादा प्रत्येकाला पाठ असते. टक्का खाली कसा आणायचा हे विद्यार्थी आधी शिकतो, संदर्भ कसा शोधायचा हे नंतर. अनेकदा शिकतच नाही.

शोधण्यात शिकण्यासारखे काय आहे?

समजा, विषय ऊसतोड महिला कामगारांच्या आरोग्याचा आहे. गूगलवर हेच शब्द टाकले की बातम्या मिळतात. संशोधनलेख मात्र ‘शुगरकेन कटर’, ‘सीझनल मायग्रेशन’, ‘हिस्टरेक्टॉमी’ अशा वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांखाली विखुरलेले असतात. म्हणून आधी समानार्थी शब्दांची यादी करायची. ते ‘ऑर’ने जोडायचे, वेगळ्या संकल्पना ‘अँड’ने जोडायच्या आणि शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकायचा. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या संदर्भयादीतून मागे जायचे आणि ‘सायटेड बाय’ उघडून त्यानंतर काय लिहिले गेले तेही पाहायचे. कुठे, कधी, कोणते शब्द वापरून शोधले याची नोंद ठेवायची. ‘या विषयावर आजवर काम झालेले नाही’ हे प्रबंधातले आवडते वाक्य लिहिण्याचा अधिकार ही नोंद असेल तरच मिळतो.

मराठीतील संशोधनाचे काय?

इथे अडचण आणखी मोठी आहे. विकत घेतलेली नियतकालिके प्रामुख्याने इंग्रजी आहेत. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर आहेत. पण १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत ‘नाव’ हा शब्द ‘नांव’ असा, तर ‘काही’ हा ‘कांहीं’ असा आढळतो. आजचे रूप टाईप करणाऱ्याला ‘काही सापडले नाही’ एवढेच उत्तर मिळू शकते. इंग्रजी नोंदींत ‘पुणे’बरोबर ‘पूना’ही शोधावे लागते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद करून ठेवली आहे. अशी सूची कशी वाचायची हे शिकवल्याशिवाय त्या कष्टांचा उपयोग नव्या संशोधकाला होणार नाही. ‘शोधगंगा’वरचे प्रबंध चाळण्याआधी तिकडे वळायला हवे.

एआयने हे काम सोपे केले नाही का?

विषयाची तोंडओळख करून घ्यायला किंवा पर्यायी शब्द सुचवायला ते उपयोगी आहे. पण चॅटबॉट अस्तित्वात नसलेले लेखही खऱ्यासारखे, लेखक आणि वर्षासह देतात. २०२३मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी असे बनावट निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना व त्यांच्या संस्थेला मिळून पाच हजार डॉलरचा दंड झाला. संशोधकाने प्रत्येक संदर्भाचा डीओआय क्रमांक उघडून पाहावा, लेख खरोखर वाचावा आणि तो मागे घेतला गेलेला नाही ना, याची खात्री करावी. ही तपासणी टाळली, तर एका प्रबंधातला खोटा संदर्भ पुढच्या दहा प्रबंधांत जातो.

मग करायला काय हवे?

ग्रंथपालाला पुस्तके देणारा-घेणारा न मानता शिक्षक मानायला हवे. त्याचे तास वेळापत्रकात आणि श्रेयांकांत यावेत. ते पहिल्या दिवशी उरकण्याऐवजी विषय ठरवताना, आराखडा लिहिताना आणि प्रबंध लिहिताना असे तीनदा व्हावेत, तेही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयावर. आराखड्यासोबत शोधाची नोंदवही मागितली, तर मार्गदर्शकांनाही हे शिकावे लागेल. ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवून यातले काहीच होणार नाही.

ही योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती आहे. खासगी महाविद्यालयातल्या संशोधकाला तर मुक्त नियतकालिके, सूची आणि स्वतःचे शोधकौशल्य यांवरच भागवावे लागते. नियतकालिकांवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या व्यवस्थेने निदान हे कौशल्य तरी प्रत्येकापर्यंत पोहोचवावे. त्याला वर्गणी लागत नाही, शिकवणारा माणूस लागतो.