छोट्या स्क्रिप्टला छोटी समजू नका

पतसंस्था, शाळेची संगणक खोली, सीएचं ऑफिस, छापखाना. अशा ठिकाणी सर्व्हर आणि राउटर सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो, आणि त्याचं निम्मं काम दहा-बारा ओळींच्या स्क्रिप्ट करत असतात. एक रात्री बॅकअप घेते, एक जुने लॉग पुसते. हे आवाहन त्या माणसाला आहे, आणि त्याला पगार देणाऱ्यांनाही.

नवं सॉफ्टवेअर घ्यायचं तर आपण चार जणांना विचारतो. स्क्रिप्ट मात्र कुठून तरी उचलतो, चिकटवतो आणि थेट रूटच्या अधिकारात चालवतो. तपासणी कुणी करत नाही, कारण ती छोटी असते.

जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये काय झालं ते पाहा. महासंगणकावर दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसणारी एक स्क्रिप्ट होती. पुरवठादार कंपनीने ती वाचायला सोपी व्हावी म्हणून सुधारली, हेतू चांगलाच होता, आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्रॅम फाइल आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता पुढचं वाचतो. त्यामुळे अर्ध्यातून नवा मजकूर वाचला गेला, त्यातल्या व्हेरिएबलना किंमतच नव्हती, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल पुसल्या जाऊ लागल्या. सुमारे 77 टेराबाइट, 3 कोटी 40 लाख फाइल, 14 संशोधन गट. त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

त्याच वर्गातली चूक 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरमध्ये उघड झाली. स्क्रिप्ट आधी स्वतःचा फोल्डर शोधायची आणि स्टीम रीसेट करताना त्यातलं सगळं पुसायची. फोल्डर सापडला नाही की व्हेरिएबल रिकामं राहायचं, मागे उरायची फक्त तिरपी रेघ आणि तारांकन, म्हणजे हात पोचेल ते सगळं. लिहिणाऱ्याने शेजारी ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीपही टाकली होती. टीप लिहिण्याइतकी भीती वाटली, तर एक तपासणी लिहायला काय हरकत होती?

ती तपासणी अवघड नाही. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -यू’ लिहा, म्हणजे किंमत न दिलेलं व्हेरिएबल दिसताच काम थांबेल. पण किंमत दिली आणि ती रिकामी निघाली, तर एवढ्याने भागत नाही. पुसणाऱ्या ओळीत व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घालून, कंसाच्या आतच नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, म्हणजे रिकाम्या किमतीलाही स्क्रिप्ट अडेल. पुसण्याआधी तीच यादी नुसती पडद्यावर छापून पाहा. फाइलींची प्रत घेणाऱ्या आरसिंकला तर ‘-एन’ जोडलं की तो काय करणार ते सांगतो, करत काही नाही. आणि चालू स्क्रिप्टवर नवी कधीही लिहू नका. वेगळ्या नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा, मग नाव बदला. चालू असलेली जुनी प्रत तशीच पूर्ण होते.

नेटवर्कमध्ये धोका वेगळा असतो. दूर बसून फायरवॉलची एक ओळ चुकली की तुमचाच संपर्क तुटतो आणि रात्री गाडी काढून शाखेत जावं लागतं. म्हणून परतीची सोय आधी लावा. उबुंटूवर नेटवर्कची मांडणी बदलताना ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा. 120 सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत येते. सिस्कोच्या राउटरवर बदलाआधी ‘रीलोड इन 10’ द्या आणि बदल जतन करू नका. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगवर उठेल. टिकला तर रीलोड रद्द करून मग जतन करा. एसएसएचचं कॉन्फिग बदललं तर ‘एसएसएचडी -टी’ने तपासा, आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होईपर्यंत पहिली बंद करू नका.

मालकांना, संस्थेच्या सचिवांना एवढंच सांगणं: या स्क्रिप्ट त्या माणसाच्या लॅपटॉपवर किंवा डोक्यात राहू देऊ नका. प्रत्येकीच्या माथ्यावर ती कशासाठी आहे, केव्हा चालते आणि कुणी लिहिली, हे मराठीत लिहून घ्या. सगळ्या स्क्रिप्ट आणि राउटरची कॉन्फिग गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवायला सांगा, पासवर्ड सोडून. आणि या महिन्यात एक दुपार काढून, बॅकअपमधली एखादी खातेवही दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायला सांगा.