‘दिली’ की ‘द्यावी लागली’?

प्राचीन ग्रीक भाषेत ‘दिदोमी’ म्हणजे देणे. त्याच्या आधी ‘आपो’ लागला की अर्थ होतो परत देणे, देणं फेडणे. त्याचंच संस्कृतातल्या आत्मनेपदासारखं रूप, ‘आपोदिदोमाय’, म्हणजे विकणे. ‘प्रो’ लागला तर थेट दगा देणे. ग्रीकमध्ये क्रियापदाच्या आधी जे जोडलं जातं, ते मराठी मागून जोडते: देऊ करणे, देऊन टाकणे, देऊन बसणे, द्यावी लागणे. ‘देऊ करणे’मध्ये समोरच्याचा होकार अजून यायचा आहे, ‘देऊन टाकणे’मध्ये विषय संपला आहे, ‘देऊन बसणे’मध्ये हळहळ आहे आणि ‘द्यावी लागणे’मध्ये देणाऱ्याची मर्जीच नाही. शाळेत मात्र संयुक्त क्रियापद म्हणजे धातुसाधित अधिक सहायक क्रियापद, एवढीच व्याख्या पाठ होते.

हा फरक नवी मुंबईइतका क्वचितच कुठे जिव्हारी लागला असेल. १९७० मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या जाऊ लागल्या. सरकारी मराठीत याला म्हणतात, ‘भूसंपादन झाले’. विजय संपादन करतात, विश्वास संपादन करतात; स्वतःच्या कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचा हा शब्द. त्याला ‘झाले’ जोडलं की घेणारा दिसत नाही आणि ज्याच्याकडून घेतलं तोही दिसत नाही. पाऊस झाला, तशी जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली ती या लढ्यानंतर. जमीन नुसती ‘दिली’ असती, तर एवढं झगडावं का लागलं असतं?

कायद्याला भावनेचे शब्द परवडत नाहीत, त्याला तटस्थ संज्ञाच हवी, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. अधिसूचनेत हळहळ असू नये. पण कर्ता गाळणं ही तटस्थता नव्हे. ‘शासनाने अमुक गावाची जमीन घेतली’ हे वाक्य कायद्यालाही चालण्यासारखं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जनसुनावणी आहे, बाधितांचं म्हणणं नोंदवायचं आहे. तिथे कोणी ‘द्यावी लागतेय’ म्हणालं, तर इतिवृत्तात ‘जमीन देण्यास तयार’ असं उतरता कामा नये. बोलणाऱ्यानं वापरलेलं सहायक क्रियापद हा त्याच्या संमतीचा किंवा असंमतीचा पुरावा आहे, आणि तो लेखनिकानं शब्दशः लिहून घ्यायला हवा.