फांद्यांवरून स्पंजाची जात ठरत नाही

मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एखाद्या प्रवाळखडकावरून झुडपासारखा फांद्या फुटलेला स्पंज कोणी उपटून आणला आणि त्याचा पंचनामा करण्याचा प्रसंग आला, तर दप्तरात त्याची नोंद कोणत्या नावाने करावयाची, या प्रश्नापाशीच आपली अंमलबजावणी अडखळेल. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत स्पंजांपैकी केवळ कॅल्शियमयुक्त कंटिकांचा (म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या सूक्ष्म काट्यांचा) वर्ग आलेला आहे. उलट, प्रवाळांवर दिसणारे मोठे, शाखायुक्त स्पंज बहुतांशी डेमोस्पंज या निराळ्या वर्गातले असतात. म्हणजे गुन्हा घडला की नाही, हे ज्यावर अवलंबून आहे ती ओळखच मुळी डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतीत नाही.

कारण आकृती ही या जीवाची सर्वांत अविश्वसनीय खूण आहे. प्रवाहाचा वेग, गाळ आणि प्रकाश यांच्या भेदाने एकाच जातीचा स्पंज एके ठिकाणी खडकाला पापुद्र्यासारखा चिकटून राहतो, तर दुसरीकडे बोटांसारख्या शाखा उभारतो. आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा मूळ रंगही बहुधा उडून जातो. खरी ओळख कंटिकांत असते. नखाएवढा तुकडा ब्लीचमध्ये विरघळू द्यावा, तळाशी उरलेला गाळ पुनःपुन्हा धुवावा आणि त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा: दोन्ही टोकांना अणकुचीदार सुया, एक टोक बोथट असलेले दांडे, नांगराच्या आकड्यांसारखी सूक्ष्म रूपे, असा काचेसारखा पारदर्शक संभार दृष्टीस पडतो. त्यावर विरल आम्लाचा थेंब टाकताच बुडबुडे उठून कंटिका नाहीशा झाल्या तर त्या कॅल्शियमच्या. तशाच राहिल्या तर सिलिकाच्या. काही जातींत कंटिका मुळीच नसतात, केवळ स्पाँजिन या प्रथिनाचे तंतू असतात. तेथे त्या तंतूंची वीणच तपासावी लागते.

या विद्येचा आपल्या प्रदेशाशी संबंध जुना आहे. मुंबईच्या तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांचे सविस्तर वर्णन हेन्री जॉन कार्टर या लष्करी शल्यवैद्याने 1849 साली प्रसिद्ध केले (ग्रेच्या शरीररचनाशास्त्राची चित्रे काढणारे आणि पुढे मुंबईतच अध्यापन करणारे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ते निराळे), आणि त्यांनी वर्णिलेली स्पंजिला आल्बा ही जात आजही मान्य आहे. स्वदेशी परतल्यावर याच कार्टरांनी 1880 साली मन्नारच्या आखातातून काढलेल्या नमुन्यांचा अहवाल लिहिला. सह्याद्रीतील नद्यांत गोड्या पाण्याचे जेलीफिश शोधून काढणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर तर मालवणातच 1884 साली जन्मले, आणि त्यांचे नाव धारण करणारी संशोधनसंस्था पुण्यात उभी आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्रही येथेच, आकुर्डीत आहे. तेव्हा, समुद्र आपल्यापासून दूर, अशी सबब पुण्याने सांगू नये.

वर्गीकरण एकदा करून संपणारे काम नव्हे. 2002 साली हूपर व व्हान सोस्ट यांनी संपादित केलेल्या 'सिस्टेमा पोरिफेरा' या महाग्रंथाने जगभरच्या प्रजातींची फेरमांडणी केली, आणि अवघ्या दहा वर्षांत होमोस्क्लेरोमॉर्फा हा स्पंजांचा चौथा वर्ग स्वतंत्र मानला गेला. ज्या नमुन्याचा तुकडा, काचपट्टी आणि पाण्यातील छायाचित्र जपून ठेवलेले नाही, त्याचे नाव अशा फेरतपासणीत टिकत नाही. आणि केवळ छायाचित्रावरून दिलेल्या नावांचा जो सुकाळ सध्या दिसतो, त्याबद्दल मला खरोखर चिंता वाटते. जनुकीय चाचणी उपकारक आहे, परंतु तिचा निकाल ताडून पाहण्यासाठीही अचूक नाव दिलेला नमुना आधी हवाच.

म्हणून राज्य शासनाला व विद्यापीठाला माझे आग्रहाचे निवेदन आहे की, स्पंजांच्या वर्गीकरणासाठी पुण्यात निदान एक कायम पद मंजूर करावे, मालवणपासून विजयदुर्गासमोरील समुद्रातल्या आंग्रे बँक या बुडीत पठारापर्यंतचे नमुने रीतसर परवान्याने गोळा करून त्यांच्या कंटिकांचा काचपट्टीसंग्रह सर्व अभ्यासकांस खुला ठेवावा, आणि किनाऱ्यावरील वनाधिकाऱ्यांना व पाणबुड्यांना खोली, रंग आणि स्पर्श यांची नोंद नमुना पाण्याबाहेर काढण्यापूर्वीच कशी करावी, याचे मराठीतून प्रशिक्षण द्यावे. त्या पदाची तरतूद आगामी अंदाजपत्रकातच व्हावी.