शाळेची किल्ली आजी-आजोबांनाही द्या

‘शेतात जन्म गेला त्यांचा, त्यांना आणखी कसला व्यायाम?’ सडक अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या गावात हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणाऱ्याच्या मनात आदरच असतो, पण म्हाताऱ्या माणसांचं नुकसानही त्यानेच होतं. वर्षानुवर्षं बांधीत वाकून रोवणी केलेल्या बाईचं अंग कणखर असतं, ते ती बांधीत उतरते तोवर. मग मुलं म्हणतात, ‘माय, आता बस कर.’ माय छपरीत बसते आणि बसूनच राहते. मांडीतलं बळ आणि अंगाचा तोल साठवून ठेवता येत नाही, वापरला नाही की जातो. पुढे एक दिवस ती न्हाणीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं, गोंदिया किंवा नागपूर गाठावं लागतं आणि घराचा एक हंगाम त्यात जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं, की ६५ वर्षांवरच्या माणसांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारा व्यायाम करावा. त्याआधी २०१९ मध्ये कॉक्रेनने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. घरी राहणाऱ्या साठीपुढच्या माणसांत व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. एवढा गुण देणारं औषध असतं, तर ते प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळावं अशी मागणी आपण केली असती.

पण ‘व्यायाम करा’ म्हटलं की आमची म्हातारी माणसं आपलं दुखणं सांगू लागतात. ‘चला, तुमची पाळी’ म्हटलं की उठतात. माझा भाचा दिवाळीत त्याचं जुनं ‘वी’ घेऊन आला, निंटेंडोने २००६ साली काढलेलं खेळाचं यंत्र. हातात रिमोटसारखी कांडी धरून टीव्हीसमोर हात फिरवला, की पडद्यावर चेंडू सुटतो. माझे सासरे ऐंशीच्या पुढचे, तरुणपणी मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दंडार हा लोकनाच नाचलेले. आधी म्हणाले, “मी का लहान पोट्टा आहो?” शेजारच्या काकाजींनी कांडी घेतल्यावर मात्र तेही उभे राहिले आणि जेवणाची वेळ झाली तरी बसायला तयार नव्हते. काकूंनी पदर खोचला तो सगळे पुरुष बाहेर गेल्यावर. गावात हे सुरू करायचं तर बायकांची वेळ वेगळी हवी, हे मला तेव्हाच कळलं.

असे खेळ साध्या व्यायामापेक्षा सरस आहेत, असा माझा दावा नाही. त्यांनी तोल सुधारतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, पण नीट केलेल्या कवायतीनेही तो सुधारतो. खेळाचं मोल एवढंच, की माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून येतो. माझ्या मते म्हातारपणी तेच सगळ्यात अवघड असतं.

आता त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने २०१० मध्ये हातातली कांडी काढून टाकली. ते यंत्र बंद झालं, पण समोरच्या माणसाचे खांदे, गुडघे, घोटे ओळखण्याचं काम आज साध्या मोबाइलचा कॅमेरा करतो. उणीव आहे ती आमच्या खेळांची. बोलिंग आणि टेनिस आमच्या बुढ्यांनी कधी पाहिलेलं नाही. डोक्यावर पेंढ्यांचा भारा घेऊन चिखलातल्या अरुंद धुऱ्यावरून ती आयुष्यभर चालली. एका पावलाच्या बोटांपुढे दुसऱ्या पावलाची टाच टेकवून सरळ रेषेत चालायला लावतात, ती तोलाची परीक्षा याहून वेगळी नाही. मग पडद्यावर धुरा का असू नये? मोहफुलं टपटपत आहेत, दोन्ही हात लांबवून ती टोपलीत झेलायची. ढोलकीच्या ठेक्यावर दंडारीची पावलं पुढे-मागे टाकायची, दमलं की खुर्चीत बसायचं आणि पुन्हा उठायचं. गोंदिया-नागपूरच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्प म्हणून हे हाती घ्यावं. पावलं कशी पडतात, ते दाखवायला आमच्याकडे माणसं अजून आहेत.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी ३००० रुपये देते. ते हवंच. पण काठी लागण्याआधीच्या वर्षांकडेही कुणी पाहायला हवं. त्याला नवी इमारत नको. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गावाच्या वर्गणीतून टीव्ही आले आहेत. मी अशाच शाळेत शिकवलं आहे; शाळा भरण्याआधी सकाळी ती खोली रिकामी असते.

काळजी घ्यावीच लागेल. मागे भक्कम खुर्ची, पायात चप्पल नको, फरशी कोरडी आणि हात धरायला शेजारी एक माणूस. चक्कर येणाऱ्यांनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आशाताईंना घराघरातली दुखणी ठाऊक असतात, पण त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. हे काम त्यांच्या माथी मारायचं असेल तर ग्रामपंचायतीने वेगळं मानधन द्यावं. नाहीतर बचत गटातल्या दोघी-तिघींना शिकवून तयार करावं आणि पैसे त्यांना द्यावेत.

१ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: आठवड्यातून तीन सकाळी शाळेची एक खोली साठीपुढच्यांसाठी उघडी ठेवावी, एक सकाळ फक्त बायकांसाठी असावी आणि किल्ली कुणाकडे राहील, त्याचं नाव त्याच बैठकीत ठरावं.