आकाशातली उलटी उतरंड

दसरा उलटला, पावसाळी ढग पांगले, की मराठवाड्याचे आकाश पुसलेल्या काचेसारखे होते. अशा एखाद्या सकाळी तुळजापुरात बालाघाटाच्या उतारावर उभे राहून वर पाहिले, तर चांदीच्या टाचणीएवढे एखादे विमान सरकताना दिसते. नकाशावर फूटपट्टी ठेवून मुंबईपासून हैदराबादेपर्यंत रेघ ओढा. ती तुळजापूरच्या अगदी अंगावरून जाते. विमाने फूटपट्टीने चालत नाहीत हे खरे, पण या बाजूचे आकाश त्यांच्या वहिवाटीतले आहे. वर तीस हजार फुटांवर बसलेल्या वैमानिकाला खाली भवानीचे गाव आहे की आणखी काही, हे पाहण्याची गरजही नसते. त्याला वाट दाखवायला यंत्रे आहेत, आणि जमिनीवरून कोणीतरी त्याच्यावर सतत नजर ठेवून आहे.

आज बोलायचे आहे ते या बड्या मंडळींविषयी नाही. दोन-चार माणसे बसतील एवढ्या लहानशा विमानाविषयी आहे, आणि तेही डोळ्यांनी चालवायच्या.

विमान चालवण्याचे कायद्याने दोन मार्ग आहेत. पहिला यंत्रांवर विसंबून. बाहेर धुके असो, रात्र असो, वैमानिक समोरच्या तबकड्यांवर भरवसा ठेवतो. दुसरा मार्ग डोळ्यांचा. खाली नदी दिसते, रूळ दिसतो, समोर डोंगर दिसतो, त्या धोरणाने जायचे आणि दुसरे विमान दिसले तर त्याला टाळायचे. त्या दुनियेत याला ‘व्हीएफआर’ म्हणतात. हा मार्ग फक्त दिवसाउजेडी मोकळा असतो. समोरचे निदान पाच किलोमीटर स्वच्छ दिसले पाहिजे आणि ढगांपासून अंतर राखले पाहिजे, अशी अट असते.

धाराशिवला (जुन्या पिढीच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे, नाव सरकारी कागदावर २०२३ मध्ये बदलले) एक धावपट्टी आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, यवतमाळ आणि बारामतीच्या धावपट्ट्यांबरोबर ती एका खासगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्याने दिली गेली होती. तिकीट काढून बसावे असे नियमित विमान काही तिथून सुटत नाही. समजा, तिथून एक सेसना मुंबईच्या जुहू विमानतळाकडे निघाली. सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे पावणेदोन तासांची मजल.

पहिला तास मजेचा असतो. बालाघाटाची कड मागे पडते. कुर्डुवाडीकडे जाणारा रेल्वेमार्ग दिसतो, बार्शी डाव्या हाताला जाते. हवा स्वच्छ असेल तर परंड्याचा किल्लाही ओळखता येतो. मग सीना येते, आणि पुढे दूर डावीकडे उजनीच्या जलाशयाचे भीमेचे पाणी आरशासारखे चमकते. हे सारे एसटीच्या प्रवासात खिडकीतून गावे मोजण्यासारखेच आहे. पश्चिमेकडे जाणाऱ्याने साडेचार किंवा साडेसहा हजार फुटांवर उडायचे, पूर्वेकडे जाणाऱ्याने साडेतीन किंवा साडेपाच हजारांवर, असा जगभरचा शिरस्ता आहे. समोरासमोरच्या गाड्या एका रुळावर येऊ नयेत, एवढाच त्यातला हेतू.

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते असेच. विमानात रेडिओ नव्हता आणि वाट दाखवणारे यंत्र नव्हते. तेव्हाचे आकाश इतके रिकामे होते, की कोणाला टाळण्याचा प्रश्नच क्वचित येई. धाराशिवकडचे खालचे आकाश आजही पुष्कळसे तसेच आहे.

पुण्याच्या आसपास हे बदलते. लोहगावचा तळ हवाई दलाचा. तिथल्या आकाशात ‘सहज डोकावलो’ चालत नाही. खरे तर धाराशिव सोडण्यापूर्वीच उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक हाती घ्यावा लागतो. घाट उतरला की कोकणच्या बाजूला आणखी गर्दी आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे २०२५ मध्ये उद्घाटन झाले. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रावरून उडायला मनाई आहे. त्यापुढे सांताक्रूझ, जिथे दिवसाकाठी नऊशेच्या घरात विमाने चढतात-उतरतात, आणि तीही एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांवर. या सगळ्याच्या पलीकडे, सांताक्रूझच्या अगदी कुशीत, जुहू.

मोठ्या विमानतळाभोवतीचे हे राखीव आकाश असते कसे? आपल्या स्वयंपाकघरातली उतरंड डोळ्यांपुढे आणा. खाली मोठा डेरा आणि वर लहान होत गेलेली मडकी. ती उतरंड उलटी करा. जमिनीजवळ राखीव क्षेत्र लहान, विमानतळापुरते; वर जावे तसे रुंद होत जाणारे. कारण साधे आहे. मोठे विमान दूरवरून तिरके उतरत येते. ते दूर असते तेव्हा उंचावर असते. जवळ येते तेव्हाच खाली येते. म्हणून दूरच्या गावांवर फक्त वरचे थर राखून ठेवतात आणि खालचे आकाश लहानांना मोकळे सोडतात. शहाणपणाची वाटणी आहे! पण तिच्यात एक मेख आहे. या मडक्यांच्या कडा आकाशात कोणी रंगवून ठेवलेल्या नाहीत. त्या फक्त नकाशावर असतात. वैमानिकाने खालची खूण ओळखायची, उंचीमापक पाहायचा आणि मनातल्या मनात ठरवायचे, मी आत आहे की बाहेर. तो उंचीमापक म्हणजे तरी काय, हवेचा दाब मोजणारी एक डबी. त्या वेळचा दाब रेडिओवरून विचारून तिच्यात नीट लावला नाही, तर ती बिनदिक्कत खोटी उंची दाखवते.

आणि खालची खूण ओळखणे हेही वाटते तितके सोपे नाही. जुहूचेच उदाहरण घ्या. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे कॉमेट, म्हणजे त्या काळातले जगातले सर्वांत नवलाचे जेट विमान, सांताक्रूझला उतरायचे ते जुहूला उतरले. विमान सुखरूप राहिले, पण ते आखूड धावपट्टीवरून परत उडवायला नऊ दिवस लागले. एकदा झाले तर योगायोग म्हणावा. सप्टेंबर १९७२ मध्ये जपानी कंपनीचे डीसी-८ हे तसेच जुहूला उतरले, धावपट्टी संपली तरी थांबले नाही, आणि पुढे जाऊन निकामी झाले. प्राणहानी झाली नाही, हे प्रवाशांचे नशीब.

हे वैमानिक नवशिके नव्हते. मग चूक कशी झाली? धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची दिशा, अंशांना दहाने भागून आलेला आकडा. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९, जुहूची ०८. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच दिशेच्या आणि जेमतेम दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात. समुद्राकडून येणाऱ्याला आधी दिसते ती जुहूची. धावपट्टी शोधणाऱ्या डोळ्यांना धावपट्टी दिसली, की डोळे शोध थांबवतात. लांबी मोजत बसत नाहीत.

ही खोड फक्त मुंबईची आहे असे समजू नका. २५ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेचे बोइंग ७०७ लंडनच्या हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टला उतरले. इंग्रजांनी त्यावर खास इंग्रजी उपाय काढला. साउथॉलमधल्या गॅसच्या प्रचंड टाकीवर ‘एल एच’ अशी अगडबंब अक्षरे आणि बाण रंगवला, आणि दुसरीकडच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी ‘एन ओ’. आपल्याकडे गावच्या वेशीवर पाटी असते, तशातलाच प्रकार.

वरच्या सर्व गोष्टीत माणसे वाचली. ३१ ऑगस्ट १९८६ ची गोष्ट तशी नाही. लॉस एंजलिसजवळच्या टॉरन्सहून एक लहान पायपर विमान निघाले. आत तिघेजण होते आणि डोंगरातल्या एका ठिकाणी सहलीला चालले होते. रविवार होता, ऊन स्वच्छ होते. वैमानिक डोळ्यांच्या नियमांनी उडत होता. वाटेत तो उलट्या उतरंडीच्या एका थरात शिरला, परवानगीवाचून आणि बहुधा नकळत. त्याच जागी काही शे फूट खाली राहता, तर परवानगीची गरजच नव्हती. सुमारे साडेसहा हजार फुटांवर, मेक्सिकोहून येणाऱ्या आणि उतरू लागलेल्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर झाली. मोठ्या विमानातले ६४, लहानातले ३ आणि खाली सेरिटोस गावातल्या घरांमधले १५, एकूण ८२ माणसे गेली. दोन्हीकडच्या कोणाही वैमानिकाने समोरचे विमान टाळण्यासाठी हालचाल केल्याची खूण सापडली नाही.

इतक्या स्वच्छ उन्हात दिसले कसे नाही, असे कोणीही विचारील. थोडे गणित करून पाहा. उतरणारे जेट विमान खालच्या उंचीवर ताशी सुमारे ४६० किलोमीटरने येते, लहान विमान २०० ने. समोरासमोर असतील तर दर सेकंदाला १८० मीटरहून जास्त अंतर मिटते. एवढेसे विमान दोन किलोमीटरवरून दिसले, तरी हाती अकरा सेकंद राहतात. दिसणे, ते विमान आहे हे कळणे, ते आपल्यावरच येते आहे हे उमजणे, काय करायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि मग विमानाने वळणे, या सर्वांना अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या हिशेबाने साडेबारा सेकंद लागतात. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्याशी टक्कर होणार असते ते विमान काचेवर हलत नाही. जे सरकते ते बाजूने निघून जाते. जे एकाच ठिपक्यावर स्थिर राहते आणि नुसते मोठे होत जाते, तेच येऊन आदळते. आणि आपला डोळा, शिकाऱ्याचा असो की वैमानिकाचा, हलणाऱ्या वस्तूकडे आधी वळतो.

चौकशी मंडळाने सगळा दोष पायपरच्या वैमानिकावर टाकला नाही. मुख्य ठपका टक्कर रोखण्यात नियंत्रण-व्यवस्था अपुरी पडली यावर ठेवला, आणि ‘पाहा व टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादा स्पष्ट लिहिल्या. माझ्या मते हा निकाल फार मोलाचा आहे. अपघात झाला की एखाद्या माणसाला चुकार ठरवून फाइल बंद करणे सोपे असते. तसे झाले नाही, म्हणून पुढे काही घडले. पायपरमधले यंत्र रडारला ‘मी इथे आहे’ एवढेच सांगत होते, उंची सांगत नव्हते. त्यानंतर मोठ्या विमानतळांच्या आसपास उंची सांगणारे ट्रान्सपाँडर सक्तीचे झाले. मोठ्या विमानांत ‘चढा’, ‘उतरा’ असे स्वतःच ओरडून सांगणारे टक्कर टाळण्याचे यंत्र बसले. आपण आज दिल्ली-मुंबई करतो, तेव्हा हे यंत्र आपल्या विमानातही जागे असते.

आता आपली सेसना घाट उतरून आली आहे. वैमानिक रेडिओवर आपली ओळख देतो. भारतीय विमानांची नावे ‘व्ही टी’ने सुरू होतात. मग कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे जायचे आहे, एवढे थोडक्यात सांगतो. पाल्हाळ लावला तर दुसऱ्या दहाजणांचे बोलणे अडते. नियंत्रक जे सांगतो ते त्याने शब्दशः परत म्हणायचे असते, किराणा दुकानदार यादी वाचून दाखवतो तसे. नियंत्रकाने ऐकले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. ‘थांबा’ म्हटले तर राखीव क्षेत्राच्या बाहेर, ठरलेल्या खुणेवर घिरट्या घालत थांबायचे. सांताक्रूझहून समुद्राकडे झेपावणारी विमाने जुहूच्या शेजारूनच जातात. जुहूचीच हेलिकॉप्टरे बाँबे हायच्या तेलविहिरींकडे ये-जा करत असतात. या साऱ्यांत फट सापडेल तेव्हा बोलावणे यायचे.

दिवाळीनंतर मुंबईवर धुरकट पडदा येतो. दृष्टी पाच किलोमीटरच्या खाली गेली, तर खास परवानगी मागावी लागते. ती मिळेलच असे नाही. मग घिरट्या घालता घालता इंधनाच्या काट्याकडे पाहायचे. म्हणूनच शहाणा वैमानिक धाराशिवहून निघतानाच परत फिरून बारामती किंवा सोलापूर गाठता येईल एवढे तेल टाकीत जास्तीचे भरून घेतो, आणि जुहूला घ्यायला आलेल्या माणसांना नक्की वेळ सांगत नाही.