माळ, तारा आणि 'नगण्य' हा शब्द

"विजेच्या तारा कुठून न्यायच्या हे अभियंत्यांनी ठरवायचे. मराठीच्या प्राध्यापकाने त्यात पडू नये," असे आमच्या स्टाफरूममधील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला गेल्या महिन्यात सुनावले. सहकारी सज्जन आहेत, व्यासंगी आहेत. त्यांचे हे मत मराठीच्या बहुतेक विभागांतून थोड्याफार फरकाने ऐकू येते, म्हणूनच त्याचा जाहीर प्रतिवाद करावासा वाटतो.

निमित्त लहानसे होते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी, सोलापूर जिल्ह्यातल्या माळावरच्या गावचा, दोन कागद घेऊन आला. गावच्या शिवारातून २२० के.व्ही.ची नवी वाहिनी जायची आहे. तिच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन झाले असून त्याचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत लावला होता. त्याची ती झेरॉक्स. "सर, यातला 'नगण्य' म्हणजे नेमका किती?" त्याने विचारले. दोन पानांत तो शब्द सात वेळा आला होता. वनस्पतींवरील परिणाम नगण्य. पक्ष्यांवरील परिणाम नगण्य. जमिनीचा प्रकार पडीक व पोटखराबा, सबब परिणाम नगण्य.

वीस वर्षे मराठी शिकवल्यावर या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असे मी समजत होतो. 'मोजून पाहिले आणि थोडे निघाले' असा अर्थ त्या कागदावर कुठेही नव्हता. किती दिवस पाहिले, कोणत्या ऋतूत पाहिले, कोणी पाहिले, याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. म्हणजे तिथे शब्द आपल्या व्युत्पत्तीला अगदी प्रामाणिक होता : न-गण्य, गणनेस अपात्र. ही अपात्रता मोजणीच्या आधीच ठरली होती. विधान कशाच्या आधारावर उभे आहे हे विचारणे म्हणजे समीक्षा, असे आपण पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. मग हा कागद हाती आल्यावर ते विचारायचे नाही, असा नियम कोणी केला?

आधी कायद्याची स्थिती पाहू, कारण पुष्कळांचा येथे गैरसमज असतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा ढाचा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने ठरलेला आहे. तिच्या परिशिष्टात खाणी आहेत, औष्णिक वीज केंद्रे आहेत, धरणे, महामार्ग, बंदरे आहेत. विजेची पारेषण वाहिनी नाही. कोळशावर वीज तयार होते तिथे अहवाल लागतो आणि जनसुनावणी लागते. तीच वीज शेकडो किलोमीटर वाहून नेणाऱ्या तारांना यांपैकी काहीच लागत नाही. मार्ग वनजमिनीतून गेला तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली मंजुरी घ्यावी लागते. अभयारण्यातून गेला तर वन्यजीव मंडळापुढे जावे लागते. उरलेल्या साऱ्या मुलखात जे काही मूल्यांकन होते, ते कंपनीच्या स्वतःच्या धोरणामुळे किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे होते. पॉवरग्रिडने असे धोरण १९९८ सालीच आखले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढायची आणि उत्तरपत्रिकाही त्यानेच तपासायची, या व्यवस्थेला आपण आपल्या क्षेत्रात काय म्हणतो, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणजे सारा भार 'वन' या एका शब्दावर येऊन पडतो. आणि माळावर झाडे नसतात.

केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागातर्फे 'वेस्टलँड अ‍ॅटलस' निघतो, त्याची अलीकडची आवृत्ती २०१९ ची. देशातील गवताळ प्रदेशांचा फार मोठा भाग त्यात 'वेस्टलँड' या सदरात रंगवलेला आहे. आपल्या सातबाऱ्यावर त्याचेच देशी भावंड आहे : पोटखराबा. जमिनीच्या पोटातला खराबा! महसुली मराठीचा मी चाहता आहे. जिरायत, बागायत, वरकस, गायरान या शब्दांत शेतकऱ्याचे शेकडो वर्षांचे निरीक्षण साठलेले आहे. पण हे शब्द सारा वसूल करण्याच्या गरजेतून आले. पोटखराब्यातून सारा येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. त्यावर पवना, मारवेल, कुसळी उगवते, मेंढरे चरतात, धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, काळवीट आणि खोकड वावरतात, लांडगी कुठल्याशा ओघळीत पिले वाढवते. याबद्दल तो शब्द काही बोलत नाही, कारण त्याला ते कोणी विचारलेले नव्हते. साऱ्यासाठी केलेला शब्द उचलून पर्यावरणाच्या अहवालात ठेवला की तिथे तो खोटे बोलू लागतो.

आणि येथे मला आपल्याच अंगणात यावे लागते. माळाला ओसाड ठरवण्यात मराठी साहित्यव्यवहाराचा वाटा काय कमी आहे? वैराण, उजाड, भकास, रखरखीत ही माळाची ठरलेली विशेषणे. कवितेत माळ आला की तो रितेपणाचे प्रतीक, नायक माळावरून चालू लागला की ते त्याचे एकाकीपण, हे उत्तर मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचले आहे आणि त्याला पैकीच्या पैकी गुणही दिले आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. त्या कादंबरीतली धनगरांची वस्ती त्या माळावर आणि मेंढरांवरच जगते. पाऊस दगा देतो, चारा संपतो, तेव्हा वाडी उठते. माळ हा तिथे उत्पन्नाचा स्रोत आहे, पार्श्वभूमी नव्हे. पण आपल्या वर्गांतून ही कादंबरी 'प्रादेशिकता', 'निवेदनपद्धती' आणि 'व्यक्तिचित्रण' या तीन मथळ्यांखाली संपते. गवत कोणी शिकवत नाही. असो.

आता तारांकडे वळतो, कारण 'पक्ष्यांवरील परिणाम' म्हणजे काय हे ठाऊक नसल्यास वरचे सगळे शब्दप्रेम ठरेल. कमी दाबाच्या, म्हणजे ११ किंवा ३३ के.व्ही.च्या वाहिन्यांवर दोन तारांतले किंवा तार आणि खांबातले अंतर थोडे असते. मोठ्या पंखांचा पक्षी दोन्हींना एकदम टेकला की विजेच्या धक्क्याने मरतो. उच्च दाबाच्या वाहिनीत तारांमधले अंतर मोठे असते, तिथे पक्षी मरतात ते आदळून. त्यातही बहुधा जाड तारांवर नव्हे. त्या दिसल्या म्हणून पक्षी ऐनवेळी वर उचलला जातो आणि सर्वांत वरची बारीक, विजेपासून संरक्षणासाठी ओढलेली अर्थवायर त्याला दिसत नाही. माळढोकाच्या बाबतीत हे अधिकच खरे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. आजूबाजूचे त्याला खूप दिसते, समोरचे फार थोडे. उडताना तो खालची जमीन न्याहाळत असतो. नराचे वजन १५ किलोंपर्यंत जाते, त्यामुळे तार दिसली तरी वळता येत नाही. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते. हे सारे जीवशास्त्र माहीत असताना अहवाल मात्र टॉवरच्या चार पायांनी अडवलेली जमीन मोजतो. २२० के.व्ही.च्या वाहिनीखालचा पट्टा ३५ मीटर रुंद, ४०० के.व्ही.चा ४६ मीटर; पण पक्षी ज्यावर आदळतो ती तार जमिनीवर नसून हवेत आहे, आणि हवेचे क्षेत्रफळ अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

मोजता येतच नाही, ही सबब कोणी पुढे करू नये. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात सुमारे ८० किलोमीटर वाहिन्यांखालून वर्षभर पुनःपुन्हा चालून मृत पक्षी मोजले. कुत्री-कोल्ही मेलेले पक्षी ओढून नेतात, काही झुडपांत सापडत नाहीत, काही जायबंदी होऊन दूर जाऊन मरतात. या सगळ्याची दुरुस्ती हिशेबात धरली. थरमधील सुमारे ४,२०० चौ. कि.मी. क्षेत्रात वर्षाला ८४,००० च्या आसपास पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा अंदाज निघाला, आणि त्यांत १८ माळढोक. ज्या पक्ष्याची देशातली एकूण संख्या दीडशेच्या आसपास धरली जाते, त्यातले वर्षाला १८! एका सकाळी जीपमधून फेरी मारून 'मृत पक्षी आढळले नाहीत' असे लिहिणाऱ्याला हेच ८४,००० दिसणार नाहीत. नवी वाहिनी तर अजून उभीच नसते. तिच्याखाली काय आढळणार?

या प्रश्नावर एम. के. रणजितसिंह यांची याचिका २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात होती. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने राजस्थान-गुजरातेतील माळढोकाच्या क्षेत्रात वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सरकारने तक्रार केली की हे सर्वत्र शक्य नाही, खर्च अवाढव्य आहे आणि सौरऊर्जेचे सारे नियोजन कोलमडेल. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञसमिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. समितीच्या शिफारशी स्वीकारणारा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये आला.

माझे पुरोगामी मित्र येथे मला अडवतात. कोळसा बंद करायचा तर सूर्य आणि वारा हवा, ते जिथे आहेत तिथे शहरे नाहीत, म्हणजे तारा आल्याच; तुम्ही पक्ष्यासाठी पृथ्वी पणाला लावता. हा आक्षेप हलका नाही. ४०० किंवा ७६५ के.व्ही.ची वाहिनी लांबच लांब अंतर जमिनीखालून नेणे अवघड आणि महाग आहे, हे मीही मान्य करतो. परंतु या युक्तिवादातून निघते ते एवढेच की तारा लागतील. कुठून लागतील, हे त्यातून निघत नाही. जुन्या वाहिनीच्याच पट्ट्यातून नवी नेता येईल का, पाणवठ्याचा आणि विणीचा भाग टाळून दहा किलोमीटरचा वळसा घेता येईल का, निदान ३३ के.व्ही.पर्यंतच्या तारा जमिनीखाली घालता येतील का, अर्थवायरवर फिरत्या चकत्या पहिल्या दिवसापासून लावणार की पक्षी मेल्यावर? हेच तर मूल्यांकनाचे प्रश्न, आणि मूल्यांकनच नको म्हणण्यासाठी पृथ्वीचा हवाला दिला जातो.

वळसा घेता येतो, हे गोव्यात दिसले आहे. मोलेच्या जंगलातून ४०० के.व्ही.ची वाहिनी काढण्याला २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची संमती मिळाली. विद्यार्थी, चित्रकार, शास्त्रज्ञ रस्त्यावर आले, प्रकरण केंद्रीय अधिकार समितीपुढे आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये, नवी वाट न पाडता आधीच्या वाहिनीचाच पट्टा वापरावा, ही शिफारस मान्य झाली. पण मोले हे जंगल होते. ते हिरवे होते, त्याची चित्रे काढता येत होती. सोलापूरच्या माळाचे चित्र कोण काढणार?

गावकऱ्यांना माळढोकाचा पुळका आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. नान्नजच्या परिसरातले अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा कागदावर ८,४९६ चौ. कि.मी. होते, त्यातली बरीचशी जमीन खासगी. खरेदी-विक्री अडली, कर्ज अडले, आणि लोक पक्ष्याला शिव्या देऊ लागले. पुढे क्षेत्र १,२२२ चौ. कि.मी.पर्यंत आकसले. आता तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. तेव्हाची चूकही आजच्यासारखीच होती : नकाशावर रेघ आधी आणि माळावर जाणे नंतर. शिवाय तारांच्या बाबतीत शेतकऱ्याचेही म्हणणे कोणी विचारत नाही. १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ मधून वाहिनी टाकणाऱ्यांकडे येतात; जमीन संपादित होत नाही, मालकी तुमचीच राहते, फक्त टॉवर त्यांचा. २०१५ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जमिनीसाठी बाजारभावाच्या ८५ टक्के भरपाई होती, जून २०२४ च्या सूचनांत ती २०० टक्के झाली आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के. ही सुधारणा खरीच. पण गायरानात चरणाऱ्या मेंढरांच्या मालकाला यातले काय मिळते? त्याच्या नावावर सातबारा नाही. पक्ष्याच्याही नाही.

त्या विद्यार्थ्याबरोबर बसून मी हरकतीचा अर्ज लिहिला. त्यात माळढोक हा शब्द आम्ही एकदाच वापरला. सर्वेक्षण कोणत्या महिन्यांत, किती दिवस आणि किती किलोमीटर पायी केले. माळावर चरणाऱ्या मेंढ्यांची संख्या कोणाकडून घेतली. पर्यायी मार्ग किती तपासले आणि ते का नाकारले. वाहिनी उभी राहिल्यावर मृत पक्ष्यांची मोजदाद कोण, किती वर्षे करणार. आणि सारांशात सात ठिकाणी आलेल्या 'नगण्य' या शब्दाच्या जागी प्रत्येक वेळी आकडा कोणता. पाच प्रश्न, दीड पान. 'पडीक' हा शब्द मुलाने मसुद्यात स्वतःहून लिहिला होता, सवयीने आलेला. त्याने तो खोडून 'चराईचा माळ' असे केले. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला आहे, पोच मिळाली आहे. सहकाऱ्यांनी त्याची प्रत वाचायला मागितली, वाचली, आणि दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत दिली.